हॅनिबलची शंभर माणसं, आणि एकही हत्ती नाही

५ जानेवारी

छोटी प्लास्टिकची माणसं रंगवून टेबलावर जुन्या लढाया खेळायचा माझा छंद. माझी फौज हॅनिबलची, म्हणजे रोमशी लढलेल्या कार्थेजच्या सेनापतीची. फडताळातला तिचा सगळा ऐवज आज जमिनीवर मांडला. मोजायला नको होता, पण मोजला. गॉलांचे (आजच्या फ्रान्स-उत्तर इटलीकडच्या टोळ्यांचे) दोन डबे, स्पॅनिश पायदळाचा एक, ‘आफ्रिकन पायदळ’ असं लिहिलेला एक, न्युमिडियन (उत्तर आफ्रिकेतले) घोडेस्वार, हलक्या पायदळाचे दोन अर्धवट डबे, जड घोडदळ, आणि हत्ती. हत्तींचे डबे दोन, दोन वेगळ्या कंपन्यांचे. एवढ्या पसाऱ्यात रंगवून पूर्ण झालेली माणसं अकरा. सहा वर्षांत अकरा! या वेगाने हॅनिबल आल्प्सच्या पायथ्याशीच म्हातारा झाला असता.

म्हणून यंदा एकच लढाई, आणि ती होईपर्यंत नवा डबा घ्यायचा नाही. लढाई कॅनीची, इ.स.पू. २१६, हॅनिबलने इटलीत रोमन फौजेला वेढून संपवलं ती. रोमन पंचांगात ती २ ऑगस्टला नोंदलेली आहे, त्यामुळे मुदत आयतीच मिळाली. रोमन बाजू मित्राकडे. या वहीत तो ‘रोमनवाला’.

हिशोब असा. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस हॅनिबलचं पायदळ ४०,००० आणि घोडदळ १०,००० सांगतो. एक फिगर म्हणजे ५०० माणसं धरली, तर मला ८० पायदळ आणि २० स्वार लागतात. बरोब्बर शंभर. रोमनांचं पायदळ ८०,००० आणि घोडदळ ६,०००हून थोडं जास्त, म्हणजे रोमनवाल्याच्या गळ्यात १६० अधिक १२. हे ऐकून तो फोनवर बराच वेळ काही बोललाच नाही.

धाकटी शेजारी बसून हत्तींचे डबे हलवून बघत होती. “बाबा, यातले हत्ती किती लागणार?”

“एकही नाही.”

“मग तो हॅनिबल कसला?”

तिला सांगितलं की इ.स.पू. २१८ मध्ये तो ३७ हत्ती घेऊन आल्प्स ओलांडायला निघाला. इटलीतल्या ट्रेबियाच्या लढाईत ते उतरले, पण त्यानंतरच्या थंडीत एक सोडून सगळे मेले. कॅनीला हत्ती नव्हतेच. तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. खरं तर माझंही नाही. दोन डबे घेतलेत ना मी.

११ जानेवारी

वाटणी ठरवली. पॉलिबियस एकूण आकडे देतो, पण कुठल्या जमातीचे किती ते फोडून देत नाही. त्यामुळे पुढची फोड माझ्या अंदाजाची: गॉल ३२, स्पॅनिश १६, लिबियन (डब्यावर ‘आफ्रिकन’ लिहिलंय ते) १६, गोफणवाले आणि भालाफेके मिळून १६. घोडदळात जड स्वार १२, न्युमिडियन ८.

बाराच बेसांत (माणसं ज्यावर चिकटवतात त्या तळपट्ट्यांत) फौज संपवणारे सुटसुटीत नियम आहेत, आणि एरवी मी तेच खेळतो. पण कॅनीची गंमत मधल्या फळीच्या बाकात आहे. पॉलिबियस म्हणतो, हॅनिबलने गॉल आणि स्पॅनिश तुकड्या आलटून पालटून उभ्या केल्या आणि मधला भाग चंद्रकोरीसारखा पुढे काढला. ती कोर टेबलावर दिसायला हवी असेल तर बेस लहान हवेत. तेव्हा ४० मिमी रुंदीचा बेस, त्यावर चार पायदळ किंवा दोन स्वार. पायदळाचे २० बेस, घोडदळाचे १०. दोन गॉल, एक स्पॅनिश, दोन गॉल, एक स्पॅनिश, अशी ओळ लागेल.

१९ जानेवारी

नुसती धुलाई. सगळे स्प्रू (माणसं जिला जोडलेली येतात ती प्लास्टिकची चौकट) कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने घासले. साच्यातून माणसं सुटावीत म्हणून लावलेला तेलकट पदार्थ वर राहतो आणि मग रंग धरत नाही. १/७२ ची, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी, ही माणसं मऊ पॉलिथिलीनची असतात. या प्लास्टिकला मुळात काहीच चिकटायला आवडत नाही, ना रंग ना गोंद.

ज्यांनी कडक प्लास्टिकच्या २८ मिमी फिगर रंगवल्या आहेत त्यांना इथे सगळंच उलटं वाटेल. तिथे साच्याची रेघ कानशीने घासली की गेली. इथे कानस लावली की प्लास्टिकला बारीक केस फुटतात, आणि रंग दिला की माणूस दाढी न केल्यासारखा दिसतो. उपाय एकच, नवीन पातं, आणि खरवडायचं नाही, एका फटक्यात सरळ कापायचं. वाकडे भाले उकळत्या पाण्यात दहा सेकंद धरून सरळ करायचे आणि लगेच गार पाण्यात बुडवायचे. निम्मे राहतात सरळ. उरलेल्या निम्म्यांना आठवडाभरात आपला जुना बाक आठवतो.

तीन स्पॅनिश माणसांचे भाले तुटलेलेच होते. तापवलेल्या टाचणीने मुठीत भोक पाडून त्यात पितळी तार बसवली. सुपरग्लू या प्लास्टिकवर धरत नाही, तार भोकात घट्ट बसते म्हणून टिकते, एवढंच.

२ फेब्रुवारी

गॉल सुरू. आणि सुरू होताच अडलं.

पॉलिबियस म्हणतो, कॅनीला गॉल उघडे लढले. रोमन इतिहासकार लिव्ही म्हणतो, बेंबीपासून वर उघडे. इतिहासकारासाठी हा एका शब्दाचा फरक असेल, माझ्यासाठी ३२ जणांच्या विजारींचा प्रश्न आहे. डब्यातले सगळे गॉल विजारी घालून आलेत आणि त्यातले निम्मे अंगरखेही घालून. दोन जण मात्र पूर्ण दिगंबर आहेत.

लिव्हीची बाजू घेतली. तो पॉलिबियसच्या नंतर शे-सव्वाशे वर्षांनी लिहितो आणि लढायांच्या बाबतीत माझा त्याच्यावर फारसा विश्वास नाही, पण त्याचा गॉल मला डब्यातून मिळतो. दिगंबर जोडी दोन वेगळ्या बेसांवर पुढच्या ओळीत टाकली. पॉलिबियसचा मान राहिला. अंगरखेवाल्यांचे अंगरखे पात्याने काढता येत नाहीत, त्यांना मागच्या ओळीत ढकललं.

प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) स्प्रेने दिला, त्याआधी पाण्यात पातळ केलेल्या पीव्हीए, म्हणजे पांढऱ्या, गोंदाचा एक हात. गोंद वाळला की माणसाभोवती लवचिक कातडी तयार होते, मग भाला वाकला तरी रंगाचे पापुद्रे निघत नाहीत. ही पायरी मी आधीच्या अकरा जणांना गाळली होती. त्यांच्या सगळ्या भाल्यांची टोकं आज कोरी आहेत.

२३ फेब्रुवारी

आठ-आठ जणांची पट्टी करून रंगवतोय. एका लाकडी पट्टीवर आठ माणसं गोंदाच्या थेंबावर उभी करायची आणि एक रंग आठही जणांना देऊन मगच पुढचा रंग उघडायचा. एकेक माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत रंगवण्यात मजा जास्त आहे, हे मान्य. पण त्या मजेनेच सहा वर्षांत अकरा माणसं दिली.

गॉलांच्या विजारींवर चौकटी काढायच्या आहेत. १/७२ मध्ये पावणेदोन मीटरचा माणूस जेमतेम २४ मिमी उंच होतो. त्याची मांडी माझ्या काडेपेटीच्या काडीएवढी. त्यावर चौकटी काढायचा पहिला प्रयत्न खरा विणलेला कापड समजून केला, उभ्या चार रेघा, आडव्या सहा. लांबून बघितलं तर मांडी राखाडी दिसली, रेघा एकमेकींत मिसळून गेल्या. मग उलटं केलं. दोनच उभ्या रेघा, तीन आडव्या, आणि जिथे रेघा एकमेकींना छेदतात तिथे फिकट रंगाचा एकेक ठिपका. हातभर लांबून बघा, चौकटी दिसतात. नाकाजवळ आणून बघू नका. ब्रशचं टोक चांगलं हवं, जाडी नाही. अगदी बारीक ब्रश घेतला तर त्यातला रंग मांडीपर्यंत पोचायच्या आतच वाळतो.

केसांबद्दल ग्रीक इतिहासकार डायोडोरस सांगतो की गॉल चुन्याच्या पाण्याने केस धुऊन मागे ओढत, घोड्याच्या आयाळीसारखे. हे रंगवायला सोपं आणि दिसायला झकास. गेरूसारखा तांबूस रंग खाली, वरून कोरड्या ब्रशने पिवळसर पांढरा. आठ जणांचे केस वीस मिनिटांत. ढालींना मात्र प्रत्येकी वेगळा रंग, त्यात वेळ गेला. घड्याळ लावून बघितलं, माणशी ३५ मिनिटं.

९ मार्च

गॉल ३२ पैकी ३२. मधले दोन आठवडे काहीच केलं नव्हतं, ते या नोंदीत दिसत नाही इतकंच.

बेसवर गॉलांना मुद्दाम सुटसुटीत उभं करणार आहे. पॉलिबियसच लिहितो की गॉलांची लांब तलवार फक्त वार करायच्या उपयोगाची, तिला घुमवायला जागा लागते. स्पॅनिश तलवार भोसकायलाही चालते आणि कापायलाही. म्हणून स्पॅनिश बेसवर चौघं खांद्याला खांदा लावून, गॉलांच्या बेसवर चौघं अंतर राखून.

१६ मार्च

स्पॅनिश. या सोळा जणांची मी जानेवारीपासून वाट बघत होतो.

दोन्ही इतिहासकारांचं इथे एकमत आहे: तागाच्या कापडाचे आखूड अंगरखे, जांभळ्या काठाचे. लिव्ही वर म्हणतो की ते पांढरेपणाने डोळे दिपवत. सगळ्या फौजेत पोशाखाचं इतकं नेमकं वर्णन दुसऱ्या कुणाचं नाही. आणि पांढरा हा रंगवायला सगळ्यात खोडसाळ रंग.

पांढऱ्यावर सावली टाकायला करडा वापरला की कापड मळकं दिसतं. मी खाली फिकट बदामी रंगाचा पूर्ण हात दिला. तो वाळल्यावर घड्यांच्या खोबणीत बदामीत थेंबभर तपकिरी मिसळून पातळ रेघ ओढली. मग मोडका पांढरा, फक्त घड्यांच्या माथ्यावर, तोही दोन पातळ हातांत. एकाच जाड हातात दिला की खडूसारखा बसतो. शेवटी खरा पांढराशुभ्र, फक्त खांद्यावर आणि गुडघ्याच्या वरच्या घडीवर, मोहरीएवढा. डोळे दिपतात की नाही माहीत नाही, पण पट्टीवरच्या गॉलांशेजारी ठेवल्यावर हे आठ जण दिवा लावल्यासारखे उठून दिसले.

आता काठ. आपल्या मनातला जांभळा आणि त्या काळचा जांभळा एक नाही. समुद्री गोगलगायीपासून निघणारा तो रंग लालसर किरमिजीपासून काळपट जांभळ्यापर्यंत काहीही असू शकायचा, आणि महाग होता. भाडोत्री शिपायाच्या अंगरख्याला खरा तोच असेल असं मला वाटत नाही, पण नजरेला तसा दिसेल असा काहीतरी असणार. म्हणून किरमिजी घेतला आणि त्यात चिमूटभर तपकिरी. काठ ओढताना श्वास रोखायचा नाही, श्वास सोडत सोडत ओढायचा. हे मला सातव्या माणसावर कळलं. पहिल्या सहा जणांचे काठ पांढऱ्याने पुन्हा दुरुस्त केले.

६ एप्रिल

नवा डबा घेतला. कबूल करून टाकतो.

पण ऐका तरी. ‘आफ्रिकन पायदळा’चा डबा उघडला. आतली माणसं सुंदर आहेत, लांब भाले, गोल ढाली, ग्रीक वळणाची. आणि कॅनीसाठी निरुपयोगी! पॉलिबियस स्पष्ट सांगतो, आधीच्या लढायांत रोमनांकडून काढून घेतलेल्या उत्तम हत्यारांनी हॅनिबलने लिबियनांना नटवलं होतं. लिव्ही तर म्हणतो, ते बघून रोमन फळीच वाटावी. म्हणजे मला लिबियन म्हणून रोमन फिगर हव्यात. रोमन फिगर माझ्याकडे नाहीत. रोमनवाल्याकडे मागितल्या तर म्हणाला, “माझे १७२ पुरे करायचेत, सोळा तुला दिले तर मी काय ढाली उभ्या करू?” त्याचंही बरोबर आहे.

तेव्हा प्रजासत्ताक काळातल्या रोमनांचा एक डबा. यातले सोळाच लागतील, उरलेले रोमनवाल्याला देऊन टाकले. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या डबा माझ्या फडताळात आलाच नाही.

१३ एप्रिल

पुढची अडचण: टेबलावर लिबियन आणि रोमन वेगळे ओळखायचे कसे? लढाईत हा घोटाळा हॅनिबलला सोयीचा होता की नाही कुणास ठाऊक, खेळात तो भांडण लावेल.

पळवलेली हत्यारं म्हणजे एकसारखी नसणार, हा धागा धरला. शिरस्त्राणं रोमन, लांबट मोठ्या ढालीही रोमन. पण छातीवरचा चौकोनी पत्रा सोळापैकी सहाच जणांना ठेवला, दहा जणांचा पात्याने काढून त्या जागी साधं कापड रंगवलं. शिरस्त्राणावरची तीन उभी पिसं सगळ्यांची उडवली. पॉलिबियस सांगतो ती पिसं रोमन शिपायाला उंच आणि दणकट दाखवायला असत, दुसऱ्याच्या तुऱ्यावर मिरवायची लिबियन माणसाला काय गरज? अंगरखे मातकट, गेरूचे, दोन-तीन न रंगवलेल्या लोकरीच्या रंगाचे. रोमनवाल्याचे सगळे अंगरखे लालभडक आहेत. रोमन अंगरखा तेव्हा लाल होता की पांढरा यावर वाद आहे, पण त्याला लाल आवडतो, वाद संपला.

२७ एप्रिल

हलकं पायदळ सोळा, तीन संध्याकाळींत उरकलं. बॅलेरिक बेटांवरच्या गोफणवाल्यांजवळ तीन गोफणी असत, एक डोक्याला गुंडाळलेली, एक कमरेला, एक हातात. डब्यातल्या माणसांच्या डोक्याला काहीच नाही, तेव्हा ती पट्टी रंगानेच काढली. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

१८ मे

न्युमिडियन आठ. घोड्यांना लगाम नको, खोगीर नको. लगामाशिवाय घोडा फिरवणारे स्वार हीच त्यांची ख्याती. रोममधल्या सम्राट ट्रेजनच्या स्तंभावर त्याच मुलखातले नंतरच्या काळातले स्वार कोरलेत, त्यांच्या घोड्यांच्या गळ्यात फक्त दोर आहे.

डब्यातल्या घोड्यांपैकी पाच तसे बरोबर आहेत. तिघांना मात्र मूर्तिकाराने हौसेने लगाम घातलेत. कापायला घेतले आणि एकाच्या नाकाचा शेंडा गेला. आता तो घोडा कायम कडेला तोंड करून उभा राहील.

घोड्यांच्या रंगाची युक्ती जुनीच: फिकट पिवळसर प्रायमरवर पातळ तपकिरी रंग सगळीकडे लावायचा आणि स्पंजाच्या तुकड्याने उंच भागांवरून लगेच टिपून घ्यायचा. स्नायू आपोआप निघतात. आठ घोडे, एक तास. स्वार रंगवायला चार.

२५ मे

हत्तींना हात लावायचा नाही असं ठरलेलं असताना आज ते टेबलावर उभे होते. धाकटीने काढले आणि पट्टी घेऊन खांद्यापर्यंतची उंची मोजली. एका कंपनीचे दोन हत्ती ३४ मिमी, दुसऱ्या कंपनीचा एक ४२ मिमी.

मी गुणाकार केला. ३४ गुणिले ७२ म्हणजे सुमारे २.४५ मीटर. ४२ गुणिले ७२ म्हणजे तीन मीटरच्या जरा वर. कार्थेजचे हत्ती उत्तर आफ्रिकेतले, अंगाने लहान. ते नेमके कुठल्या जातीचे यावर अजून वाद चालतो, पण अडीच मीटरच्या आतबाहेर ही कल्पना बहुतेकांना मान्य आहे. म्हणजे लहान दोन बरोबर आणि मोठा चुकीचा. मोठ्याचे कानही लहान आहेत, पाठ कमानीसारखी वर आलेली. स्पेनमध्ये पाडलेल्या कार्थेजच्या चांदीच्या नाण्यांवर हत्ती आहे, त्याचे कान मोठे आणि पाठ खोलगट, वर एकटा माहूत, अंबारी नाही.

“म्हणजे हा भारतातला हत्ती दिला त्यांनी,” ती म्हणाली. मी डबा बंद केला. अजून बारा जड स्वार बाकी होते.

१५ जून

जड स्वार बारा, पूर्ण. निम्मे गॉल, निम्मे स्पॅनिश. शंभरावा माणूस एक गॉल सरदार निघाला, त्याची तलवार अजून वाकडी आहे. तीन वेळा गरम पाण्यात घातली.

२९ जून

घात झाला. शंभर जणांना मॅट व्हार्निशचा स्प्रे मारायचा होता, पहिली पाळी लिबियनांची. बाहेर हवा दमट होती, ते मला दिसत होतं, तरी मारला. अर्ध्या तासाने बघतो तर सोळाही जणांवर पांढरा धुरकट थर. पहिला विचार आला तो त्रासिमेनो सरोवराचा. इ.स.पू. २१७ मध्ये सकाळच्या धुक्यात हॅनिबलने तिथे रोमनांना गाठलं, आणि लिबियनांच्या अंगावरची रोमन हत्यारं काही त्याच लढाईतली. ते धुकं आता बारा महिने त्यांच्याबरोबर फिरणार, असं वाटलं.

दोन दिवस तोंड पाडून बसलो. मग ब्रशने ग्लॉस अ‍ॅक्रिलिक व्हार्निशचा पातळ हात दिला. धुकं डोळ्यांदेखत विरलं. धुरकटपणा म्हणजे वरच्या थराचा खडबडीतपणा, ग्लॉसने तो भरून निघतो. त्यावर बाटलीतलं मॅट व्हार्निश, तेही ब्रशने. उरलेल्या ८४ जणांनाही ब्रशनेच. वेळ जास्त गेला, झोप मात्र शांत लागली.

१२ जुलै

बेस. इथे घाई केली नाही.

शंभर जण एका ट्रेमध्ये ठेवले आणि ते एकमेकांचे कुणी लागत नव्हते. चार कंपन्यांच्या साच्यांतले. एकाचं डोकं मोठं, दुसऱ्याचे हात बारीक. एकाची घडी खोल, दुसऱ्याची नुसती रेघ. गॉल भडक, स्पॅनिश पांढरे, लिबियन मातकट. तसं म्हटलं तर हे खऱ्या फौजेला धरूनच आहे. पॉलिबियस हॅनिबलचं कौतुक करतो ते याच मुद्द्यावर, की ज्यांचा कायदा, चालीरीती, भाषा काहीच एक नव्हतं अशा लोकांना त्याने वर्षानुवर्षं परक्या मुलखात एकत्र ठेवलं आणि त्यांनी बंड केलं नाही. पण टेबलावर ते डोळ्याला खटकतं.

कॅनीची जमीन ऑफिदस नदीकाठची, दक्षिण इटलीतल्या अपुलियातली, उन्हाळ्याच्या ऐन भरातली. पीक निघालेलं, धसकटं उरलेली, धूळ. लिव्ही सांगतो की वल्टर्नस नावाचा वारा रोमनांच्या तोंडावर धूळ उडवत होता. तेव्हा बारीक चाळलेली वाळू पीव्हीएवर, त्यावर फिकट पिवळसर तपकिरी, मग कोरड्या ब्रशने हस्तिदंती. धसकटांसाठी जुन्या रंगाच्या ब्रशचे केस दोन मिमी कापून ओळीने उभे केले. हिरवळीचा एकही ठिपका नाही.

आणि मग ज्याचं मला भय वाटत होतं ते केलं. जमिनीचाच रंग पाण्यात पातळ करून शंभर जणांच्या पायांवर, पोटऱ्यांपर्यंत, घोड्यांच्या खुरांवर आणि ढालींच्या खालच्या कडांवर फिरवला. स्पॅनिश पांढऱ्यावर तो लावताना हात आखडला, पण लावला. वाळल्यावर बेस एकाला एक लावून ठेवले. डोकी अजून लहानमोठी आहेत, पण कुणाच्या ती लक्षात येत नाहीत. सगळे एकाच रस्त्याने चालून आलेले वाटतात.

२६ जुलै

रोमनवाला फौज घेऊन आला. १६० पायदळापैकी १४० तयार. लांडग्याचं कातडं पांघरलेले त्याचे वेलिट, म्हणजे हलके भालाफेके, फारच देखणे झालेत, मला हेवा वाटला. तुझे वीस कुठे, विचारल्यावर म्हणाला, “छावणीत.”

हसू नका, त्याच्याकडे पुरावा आहे. रोमनांनी त्या दिवशी १०,००० माणसं छावणीत मागे ठेवली होती. १०,००० भागिले ५००, वीस. न रंगवलेले वीस रोमन त्याने करड्या प्लास्टिकमध्येच, डब्यासकट, टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवले आणि डब्यावर लिहिलं ‘छावणी’. सात महिन्यांत मला अशी पळवाट सुचली नाही.

२ ऑगस्ट

लढाई झाली. हरलो.

पॉलिबियसच्या आकड्यांवरून मी आधीच काढून ठेवलं होतं की ‘बरोबर’ लढाईत माझे किती पडायला हवेत. ४,००० गॉल म्हणजे आठ. स्पॅनिश आणि लिबियन मिळून १,५०० म्हणजे तीन. घोडदळाचे २००, म्हणजे अर्धा माणूससुद्धा नाही. समोर पॉलिबियसच्या मते ७०,००० पडले, म्हणजे रोमनवाल्याचे १४०. लिव्हीचा आकडा ४८,२००, म्हणजे ९६. तो लिव्हीच्या बाजूने होता, साहजिक आहे.

प्रत्यक्षात कोर सुंदर दिसली, दोन गॉल, एक स्पॅनिश, पुढे वाकलेली. मी ती मागे घेणार आणि रोमन आत शिरणार, असा बेत. तिसऱ्या फेरीत गॉलांचे पाच बेस लागोपाठ उडाले. वीस माणसं, आठ नव्हे. मागे घ्यायला कोर उरलीच नाही, तिथे भगदाड होतं. लिबियन दोन्हीकडून आत वळले तेव्हा मधून रोमन निघूनही गेले होते. जड घोडदळाने आपली बाजू जिंकली आणि पाठीमागून यायला दोन फेऱ्या उशीर केला. न्युमिडियन शेवटपर्यंत नुसते फिरत राहिले, नाक नसलेल्या घोड्यासकट.

रोमनवाल्याचे पडले ५२. जाताना म्हणाला, “छावणी तर उघडावीही लागली नाही.”

९ ऑगस्ट

आवराआवर. तीन भाल्यांच्या टोकांचा रंग गेला, तिन्ही तारेचे. प्लास्टिकच्या एकाचाही नाही. पीव्हीएचा हात तारेवर द्यायला विसरलो होतो.

धाकटीने मोठा हत्ती पुन्हा बाहेर काढला. ४२ मिमीचा, चुकीचा. तो नुसता बघत बसलो आणि रोमन लेखक प्लिनी आठवला. त्याच्याही आधीच्या कॅटो या रोमन लेखकाचा दाखला देऊन तो सांगतो की कार्थेजच्या फौजेत सगळ्यात शौर्याने लढलेल्या हत्तीचं नाव सुरुस होतं आणि त्याचा एक सुळा मोडका होता. सुरुस म्हणजे ‘सीरियाचा’. त्यावरून बरेच जण धरून चालतात की तो पूर्वेकडून आलेला भारतीय हत्ती असावा. थंडीतून वाचलेला एकटा हत्ती, ज्यावर बसून हॅनिबलने इ.स.पू. २१७ मध्ये आर्नोची दलदल ओलांडली आणि तिथेच एक डोळा गमावला, तो हाच, असंही म्हणतात. त्याला पुरावा नाही. पण माझ्याकडे तीन मीटरचा, लहान कानांचा एक हत्ती आहे, आणि नवीन पातं आहे.

“कुठला सुळा?” तिने विचारलं.

प्लिनी तेवढं सांगत नाही. तिने नाणं उडवलं. डावा.